हजेरीच्या शेडमधला काळा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. सध्या मला ना चौकट आहे, ना बिजागरी, ना कडी. एका अंगाला काळा रंग दिलेला आहे आणि त्यावर सदैव खडूची धूळ असते. त्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारे लोक फळाच समजतात. मला त्याचा राग येत नाही, उलट थोडी मिजासच चढते. पण जन्माने मी दरवाजा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म हैदराबादच्या बेगम बाजारातला. मसाल्याच्या एका गोदामासाठी नरसय्या नावाच्या सुताराने मला सागवानातून घडवलं. नरसय्या फार कमी बोलायचा आणि रंधा मारताना जीभ दातांत धरायचा. माझ्या एका अंगाला त्याने आडव्या जाड पट्ट्या ठोकल्या. दुसरं अंग मात्र इतकं गुळगुळीत केलं की मालकच वैतागले. मिरचीच्या पोत्यांना राखायला एवढी तासलेली फळी कशाला, असं ते विचारत होते. नरसय्याने माझ्यावरून फक्त दोनदा हात फिरवला. चांगलं काम झाल्यावर कारागीर असाच हात फिरवतात.

गोदामात माझं बरं चाललं होतं. सकाळी कडी निघायची, संध्याकाळी लागायची. हमाल शिंकत शिंकत पोती आत नेत आणि शिंकत शिंकत बाहेर आणत. हळद, धणे, मिरची यांचा वास माझ्या लाकडात असा मुरला की आजही पावसाळी हवेत तो थोडा जाणवतो म्हणतात. मग मालकांनी लोखंडी शटर बसवलं आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. तिथून मला नामदेवरावांनी उचललं.

नामदेवराव कोण ते सांगतो. हैदराबादेत जुने लोक महानगरपालिकेला अजूनही बलदिया म्हणतात. विद्यानगरच्या एका गल्लीत बलदियाच्या झाडूकामगारांची हजेरीची शेड आहे. पहाटे सगळ्या बाया तिथे जमतात, हजेरी देतात, लांब दांड्याचे झाडू आणि ढकलगाड्या घेतात आणि आपापल्या रस्त्याला लागतात. त्यांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्या माणसाला इथे जवान म्हणतात. नामदेवराव हे त्या शेडचे जवान. मिशा भल्यामोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि मन लोण्याचं. झाडू ठेवायच्या खोलीला दार नव्हतं, म्हणून त्यांनी मला ओळखीने मागून आणलं.

पुढे त्या खोलीलाही लोखंडी दार आलं. मी शेडच्या मागे आडवा पडलो. माझ्यावर शेळ्या बसल्या, चिखल उडाला, एका कोपऱ्याला वाळवीने चव घेऊन पाहिली. आपण कुणाच्याच कामाचे उरलो नाही, हे कळणं फार वाईट असतं मित्रांनो. मी तेव्हा अगदी हिरमुसून गेलो होतो.

अशातच त्या भागाच्या अधिकारी वृषाली मॅडम यांनी एक गोष्ट ठरवली. ज्या कामगारांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना शेडमध्येच शिकवायचं, आणि तेही कामाच्या वेळेतला एक तास देऊन. काम संपल्यावर थांबा म्हटलं तर बाया कशा थांबणार? घरी चूल वाट पाहत असते, पाण्याचा नळ येऊन जातो. मॅडमनी हे ओळखलं, याचं मला फार कौतुक वाटतं. कामाचा तास शिकण्याला देणं वरच्या माणसांच्या मनात सहसा येत नाही.

शिकवायला आल्या मालतीबाई. त्या जवळच राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. घराण्यात पिढ्यानपिढ्या वकील आणि मास्तर. घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि भाजीवाल्याशी दखनी उर्दू, अशा तिन्ही भाषा त्या सारख्याच ठसक्यात बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "फळा कुठे आहे?"

नामदेवराव डोकं खाजवत म्हणाले, "फळ्याचं कळवलंय बाई, पण अजून आला नै. जमिनीवर लिवलं तर चालंल का?"

"जमिनीवर लिहिलं तर तुमच्या या बाया ते झाडून टाकतील," मालतीबाई म्हणाल्या आणि शेडच्या मागे जाऊन शोधू लागल्या. तिथे त्यांनी मला पाहिलं. पदराने माझ्यावरचा चिखल पुसला, गुळगुळीत अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नामदेवराव, याला काळा रंग द्या. यापेक्षा चांगला फळा सरकारातून येणार नाही." इतक्या वर्षांनी कुणीतरी नरसय्याची मेहनत ओळखली. मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच समजून घ्या.

शिकायचं होतं तेलुगू, कारण कामाचे हुकूम, रस्त्यांच्या पाट्या, सगळं त्यात असतं आणि बोलायला ती सगळ्यांनाच येत होती. वर्गात बऱ्याच बाया होत्या. त्यातल्या दोघी मी विसरणार नाही. एक यादम्मा, वयाने मोठी, स्वच्छतेची भारी हौस. दुसरी गंगू. गंगूचे आजोबा देगलूरकडची शेती सोडून इकडे आले होते. घरात ते अजून मराठी बोलत. अक्षर मात्र गंगूला कोणत्याच भाषेतलं येत नव्हतं.

गंगूला शिकण्याची घाई होती आणि तिचं कारण सगळ्या शेडला ठाऊक होतं. रस्ते झाडून झाडून तिची कंबर गेली होती. डॉक्टरांनी वाकायला साफ मनाई केली होती, आणि वाकल्याशिवाय रस्ता कुठे झाडला जातो? नामदेवराव तिला सुका कचरा निवडायचं बसून करायचं काम देत होते, पण ते किती दिवस देणार? दसऱ्याला त्या शेडला कचऱ्याची नवी ऑटो मिळायची होती. वृषाली मॅडमनी सांगून ठेवलं होतं की शेडमधल्या कुणाकडे लायसन्स असेल तर चालवण्याचं काम तिलाच मिळेल, नाहीतर बाहेरचा ड्रायव्हर येईल. गंगूला चालवायला येत होतं. भावाच्या रिक्षावर ती मैदानात शिकली होती. अडत होतं ते लायसन्सच्या पहिल्या परीक्षेवर, कारण ती पडद्यावर वाचून द्यावी लागते. गंगूला त्या ऑटोच्या सीटवर बसायचं होतं, नाहीतर तिला कामच सोडावं लागलं असतं.

पहिल्या दिवशी गंगूने खडू दोन्ही हातांनी धरला, झाडू धरावा तसा. बाया हसल्या, तीही हसली. मालतीबाईंनी तिची बोटं सोडवली आणि एक बोट माझ्यावर लिहिलेल्या अक्षरावर ठेवलं. "जिथे बोट, तिथे डोळा," त्या म्हणाल्या. मग सगळ्या बाया तशाच वाचू लागल्या. खरखरीत, घट्टे पडलेली, भेगाळलेली बोटं माझ्यावरून अक्षराच्या वळणावळणाने फिरत. शहराचा सगळा केर ज्या हातांनी उचलला, ते हात अक्षराला मात्र असे जपून लावत की जणू ते फुटेल. मी आयुष्यात पुष्कळ हात पाहिले, पण त्या हातांसारखे दुसरे नाहीत.

आता एक गंमत ऐका. मालतीबाई दुसऱ्या दिवसाचा धडा आदल्या दिवशीच माझ्यावर लिहून जात, म्हणजे पहाटे हजेरीला आलेल्या बायांच्या नजरेखालून तो जाईल. पण पहाटे यादम्मा यायची, खडूने बरबटलेला मला पाहायची आणि तिला ते बघवायचं नाही. ओलं फडकं घेऊन ती मला चकाचक पुसून टाकायची. सगळा जन्म घाण दिसली की काढायची, हाच धंदा. तिला तरी काय दोष देणार? बाई येऊन पाहतात तो धडा गायब.

तेव्हा मालतीबाईंनी धड्याच्या वर मोठ्या अक्षरांत तेलुगूत लिहिलं: "तुडवद्दु." म्हणजे पुसू नका. दुसऱ्या दिवशी यादम्माने तेही पुसलं, आणि अक्षरं मोठी म्हणून जरा जास्तच रगडून पुसलं. नामदेवरावांना हसू आवरेना. "बाई, मी सांगून टाकतो तिला. एका हाकेत काम होऊन जाईल."

"सांगायचं नाही," मालतीबाई म्हणाल्या. "कुणी एक शब्द बोलायचा नाही. वाचतील तेव्हा थांबतील."

"आणि तोवर तुम्ही रोज लिवणार?"

"लिहीन. माझा हात काय झिजतोय?"

आणि खरंच, त्या रोज धडा लिहीत राहिल्या आणि यादम्मा रोज पुसत राहिली. दोघीही आपापल्या कामात पक्क्या. मधल्या मध्ये माझा रंग मात्र उडायला लागला. तरी मला कंटाळा आला नाही, कारण काय होतंय ते पाहण्याची मलाही उत्सुकता लागली होती. मालतीबाईंसारखा धीर मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

एके पहाटे यादम्माला यायला उशीर झाला आणि फडकं गंगूने घेतलं. ती माझ्याजवळ आली, हात उचलला आणि थबकली. मग फडकं डाव्या हातात घेऊन तिने उजव्या हाताचं बोट वरच्या ओळीवर ठेवलं. ओठ हलले. पुन्हा पहिल्यापासून हलले. एकाएकी ती एवढ्या जोरात ओरडली की नामदेवरावांच्या हातातला चहा सांडला. "तुडवद्दु! अगं बायांनो, इथं तुडवद्दु लिवलंय! आपण रोज काय करून ऱ्हायलो!"

तेवढ्यात यादम्मा आली. गंगूने तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. यादम्माने डोक्याला हात लावला, आणि मग दोघी खाली बसून हसत सुटल्या. इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी मालतीबाई आल्या तेव्हा धडा जागच्या जागी होता. त्या पाठ फिरवून चष्मा पुसत उभ्या राहिल्या.

त्यानंतर गंगूचं वाचन भराभर पुढे गेलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती वाहतुकीच्या नियमांच्या ओळी वाचू लागली. मालतीबाई ते नियम रोज माझ्यावर लिहीत आणि गंगू बोट फिरवत वाचून उत्तर सांगे. एक दिवस ती इस्त्रीची साडी नेसून परीक्षेला गेली. सगळ्यांची खात्री होती. नामदेवरावांनी तर जिलेबी सांगून ठेवली होती.

गंगू परतली ती मान खाली घालून. माझ्याशेजारच्या रिकाम्या पोत्यांवर बसली. मालतीबाईंनी जवळ जाऊन विचारलं, "प्रश्न वाचता आले नाहीत का?"

"आले की बाई. सगळे येत होते. पण ती मशीनची पाटी लई घाई करती. मी वाचायला बोट ठेवलं की ती दुसऱ्या प्रश्नावर जायची. परत बोट ठेवलं की परत पुढं! शेवटी नापास म्हणून लिवून आलं. तेवढं मात्र बोट न लावता वाचलं मी."

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मालतीबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. परीक्षेचा पडदा बोटाने दाबायचा होता. गंगूने ओळीखाली बोट फिरवलं, ते उत्तरांवर टेकलं, आणि वाचून व्हायच्या आधीच यंत्राने तेच उत्तर धरलं. शिकताना जे बोट तिच्या डोळ्याचा आधार होतं, त्यानेच तिला नापास केलं.

"माझंच काम वाढलं म्हणायचं," मालतीबाई म्हणाल्या. "गंगू, ऊठ. दसरा अजून यायचाय."

"नक्को बाई. माझ्या नशिबात ती गाडी नै. तुमी कैकु परेशान होता?"

"नशिबाचं नंतर बघू. आधी हात मागे बांध आणि ही ओळ वाच."

हात मागे बांधल्यावर गंगूला काही दिसेचना. अक्षरं एकमेकांत शिरत, ओळ मध्येच हरवे. तिचे हात आपोआप पुढे येत. तेव्हा यादम्माने युक्ती काढली. तिने गंगूच्या दोन्ही हातांत झाडू दिला आणि म्हणाली, आता सोडशील तर बघ. झाडू हातातून सुटू देण्याची त्या बायांना सवयच नसते. गंगू झाडू घट्ट धरून माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि नुसत्या डोळ्यांनी वाचू लागली. आधी अडखळत, मग जरा बरी, मग रागारागाने, मग खूश होऊन. तिच्याबरोबर सगळा वर्गच झाडू धरून वाचू लागला. बाहेरून जाणारे कॉलेजचे विद्यार्थी थांबून पाहत, की या बाया कोणती कवायत करतायत!

एवढ्यावर ती थांबली नाही. शेडमधून घरी जाताना दोन्ही हात पदरात गुंडाळून ती दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत जायची. टिफिन सेंटर, झेरॉक्स, मुलींचं हॉस्टेल, दाताचा दवाखाना. दुसऱ्या दिवशी येऊन नव्या पाट्या बायांना सांगायची. कंबर दुखायची, घरची कामं मागे लागलेली होतीच, पण तिने एक दिवस सोडला नाही. जिद्द म्हणतात ती मी त्या दिवसांत जवळून पाहिली.

दसऱ्याला दीड महिना उरला असताना ती दुसऱ्यांदा गेली. या वेळी नामदेवरावांनी जिलेबीचं नावही काढलं नाही. ते शेडच्या बाहेर नुसते येरझारा घालत होते. मालतीबाई माझ्यावर काहीतरी लिहीत आणि खोडत होत्या. दुपारी गंगू आली. गल्लीच्या टोकापासूनच तिने दोन्ही हात वर केले होते, आणि ते पाहून यादम्माने हातातली टोपली फेकून दिली. गंगूने सांगितलं की प्रश्न वाचून होईपर्यंत हात पदराच्या आत होते, उत्तर दाबण्यापुरतं एक बोट बाहेर यायचं आणि लगेच आत जायचं. मालतीबाईंनी तिला जवळ घेतलं. नामदेवराव जिलेबी आणायला पळत सुटले, आणि त्या वयात त्यांना पळताना मी प्रथमच पाहिलं.

महिनाभराने पक्कं लायसन्सही झालं, गाडी चालवून दाखवण्याची तिला भीती नव्हतीच. दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेली ऑटो शेडसमोर उभी राहिली आणि गंगू तिच्या सीटवर ताठ कण्याने बसली. ती आता वाकत नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपली असती तर छानच होतं. पण पुढे शेडला नवा पांढरा फळा मिळाला. नामदेवराव निवृत्त झाले. मालतीबाईंचे गुडघे दुखू लागले आणि पांढऱ्या फळ्यावर दुसऱ्या शिक्षिका शिकवू लागल्या. त्याही चांगल्या आहेत. मी पुन्हा शेडच्या मागे गेलो. एकदा शेडची साफसफाई निघाली, तेव्हा तुटक्या गाड्या, फुटक्या बादल्या आणि मी, अशी रास बाहेर काढून गंगूच्या ऑटोत भरली. या वेळी मी काही आशा धरली नव्हती.

कचरा उतरवायच्या जागी फाटकावर एक माणूस असतो. त्याने आत डोकावून माझ्यावर काठी आपटली आणि म्हणाला, "ये लकडी का कचरा उधर डालो अम्मा."

गंगू खाली उतरली. "कचरा नक्को बोलो भाई," ती म्हणाली. "ये मेरा इस्कूल है."

तो माणूस हसला. गंगू हसली नाही. तिने बादल्या उतरवल्या, तुटक्या गाड्या उतरवल्या, मला तसाच ठेवला आणि ऑटो दिलसुखनगरच्या रस्त्याला लावली. तिथल्या गर्दीत, कोचिंग क्लासच्या इमारतींमागे झाडूकामगारांची आणखी एक शेड आहे, आणि त्या शेडमध्ये अजून कुणी शिकवायला आलेलं नव्हतं. गंगूने मला तिथल्या भिंतीला उभं केलं. जमलेल्या बायांतली एक म्हातारी म्हणाली की तिच्या बोटांना आता नुसता झाडू कळतो. गंगूने तिचा हात हातात घेतला, माझ्यावर एक अक्षर काढलं आणि म्हणाली, "आजी, मलाबी तेवढंच कळत होतं. या, बसा."

तेव्हापासून मी इथे आहे. रोज आपली फेरी संपवून गंगू येते आणि शिकवते. वृषाली मॅडम एकदा येऊन पाहून गेल्या आणि या शेडलाही कामातला तास मिळाला.

म्हणून मित्रांनो, एक विनंती करतो. भल्या पहाटे तुमच्या दारासमोरचा रस्ता कुणीतरी झाडून जातं. त्या मावशींना एकदा नाव विचारा. वाचायला येतं का, तेही विचारा. नाही म्हणाल्या तर हसू नका, थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा आणि एक अक्षर दाखवा. फळा नाही म्हणून अडून राहू नका. कुठलंही सपाट लाकूड चालतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.